काळ्याची चाल

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. कार्टूनचं काम म्हणजे नुसती मजाच असेल." मी बरं म्हणालो. कागद पुढं घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की आयुष्यभर लोकांना हसवायचं काम करूनही माझ्याजवळ गमती फार थोड्या उरल्यात. ज्या आहेत त्या आधी सांगतो, म्हणजे संपादकांचा शब्द राहील.

बीदरला लागून असलेल्या नौबादला आमच्या गल्लीत अजून कुणाला नीट ठाऊक नाही, मी हैदराबादला काय करत होतो. कुणी म्हणतं पेंटर होता, कुणी म्हणतं सिनेमात होता. मी हलणारी चित्रं काढायचो. आता ते काम संगणकावर होतं, तेव्हा हातानं व्हायचं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या डेस्कवर कागद ठेवायचा. कागद सरकू नये म्हणून त्याला भोकं असत आणि डेस्कला खुंट्या. एका कागदावर कुत्र्यानं पाय उचललेला काढायचा, त्यावर दुसरा कागद ठेवून पाय थोडा पुढं गेलेला काढायचा, मग तिसरा. सिनेमात एक सेकंद जायला अशी डझनभर चित्रं लागायची. कागदावरचं चित्र मग पारदर्शक पातळ पत्र्यासारख्या शीटवर शाईनं गिरवायचं. त्याला आम्ही सेल म्हणायचो. सेलच्या पाठीमागून रंग भरायचे आणि शेवटी कॅमेऱ्याखाली एकेक सेल ठेवून फोटो घ्यायचा. दिवसभर आठ-दहा माणसं मान मोडून बसली तरी संध्याकाळपर्यंत कुत्रं दारातून आत आलेलं नसायचं.

आमचं पोट चालायचं जाहिरातींवर. एकदा केसांच्या तेलाचा एक मालक आला. जाहिरातीत बाई डोक्याला तेल लावते आणि हसते, इतकंच होतं. तो पाहून म्हणाला, "बाईचे केस शेवटीही तेवढेच दिसतात. मग तेल कशाला घ्यायचं?" आम्ही ते केस गुडघ्यापर्यंत वाढवले. मग तो म्हणाला, की आता लोक विश्वास ठेवणार नाहीत. शेवटी केस कंबरेवर थांबले आणि त्यावर दोन्हीकडची माणसं समाधानी झाली.

दुसरा होता मच्छर अगरबत्तीवाला. अतिशय सज्जन माणूस. आमच्या जाहिरातीत डास धुरानं गरगरत खाली पडायचा आणि पाय झाडायचा. तो पडदाभर डास त्यानं पाहिला आणि डोळे मिटून घेतले. म्हणाला, "हे आमच्या घरचे बघणार नाहीत. त्याला मारू नका." मी म्हणालो, "शेठ, तुमची अगरबत्ती त्यालाच मारायची आहे." तो म्हणाला, "घरात मरू दे, पडद्यावर कामून?" मग आम्ही त्या डासाला खिडकीतून बाहेर जायला लावलं. जाताना त्यानं मागं वळून हात हलवला, तो हात मी हलवला होता.

गमती इथं संपल्या.

मी कमलनगरकडचा. कमलनगरला उतरलं की जीपनं आत जावं लागतं अशी आमची वाडी. आमचं घर मेंढरांचं. आता भाऊ शेती करतो, तूर आणि सोयाबीन, पण माझ्या लहानपणी वडिलांची, अप्पांची मेंढरं होती आणि मेंढरांबरोबर कुत्री होती. ती दारात पडून राहणारी नव्हती. त्यांच्या भरवशावर अप्पा रानात झोप घ्यायचे. त्यांतला काळ्या सगळ्यांचा पुढारी. उठला की तो लगेच चालायचा नाही. थांबायचा, उजव्या खांद्यावरून मान वळवून सगळा कळप एकदा नजरेखाली घालायचा आणि मग पुढचा पाय उचलायचा. काशी नावाची कुत्री होती. ती पाणी पिताना सुद्धा मान तिरकी करून कोण बघतंय का पाहायची. खंड्या म्हातारा होता. दिवस मावळायच्या वेळेला हनुवटी वर करून, डोळे मिटून तो हेल काढायचा. मला चित्र काढायला कुणी शिकवलं असं विचारतात, तेव्हा मी कुठल्या तरी ड्रॉइंग मास्तरांचं नाव सांगतो. खरं म्हणजे मी ही कुत्री बघत मोठा झालो.

आमच्या स्टुडिओचे मालक होते राघवय्या सर. त्यांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला एक छोटी कार्टून फिल्म करायची. एका मोठ्या मेजवानीला त्या काळचे सगळे नामांकित लोक येतात. हिरो, हिरॉइन, खलनायक, गाणारे, एक क्रिकेटवाला. सगळे येतात, पण सगळे कुत्र्यांच्या रूपात. लोकांनी ओळखायचं कोण कोण आहे. नावं कुणाचीच घ्यायची नाहीत. मीही इथं घेत नाही.

दुसऱ्या चित्रकारांनी पुस्तकातून कुत्री काढली. चांगली होती, पण ती विलायती. राघवय्या सरांनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, "हे कुत्रं कुठून आणलंस?"

मी म्हणालो, "घरून."

त्या काळचा सगळ्यांत मोठा हिरो दारात आला की आत शिरण्याआधी थांबायचा, खांद्यावरून मागं बघायचा आणि मग पाऊल टाकायचा. त्या थांबण्यावर थिएटरात शिट्ट्या पडत. मला ते पडद्यावर पहिल्यांदा दिसलं तेव्हाच हसू आलं होतं, कारण ते मी लहानपणापासून रोज बघत होतो. त्याला मी काळ्या दिला. हिरॉइनला काशीची मान दिली. गाणाऱ्याला खंड्या दिला. फिल्ममधल्या सगळ्या मोठ्या कुत्र्यांची मुख्य चित्रं माझी. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं दुसऱ्यांनी भरली आणि सेल रंगवले शांताक्कानं आणि तिच्या हाताखालच्या बायकांनी.

शांताक्का कलबुर्गीजवळच्या आळंदकडची, घरात मराठी बोलणारी. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. तिच्या हाताला रंगाचा अंदाज असा होता, की काळ्याचा काळा रंग तिनं नुसता काळा लावला नाही. त्यात जरासा तपकिरी मिसळला. मी विचारलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "उन्हातलं काळं कुत्रं कधी काळं दिसतंय का?" मी तिला काळ्याबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो.

फिल्म लागली आणि लोक वेडे झाले. मुख्य सिनेमा पडला तरी आमच्या फिल्मसाठी लोक वेळेवर येऊन बसू लागले. एखादं कुत्रं दारातून आत आलं की थिएटर त्या नटाचं नाव घेऊन ओरडायचं. मी दोन-तीनदा तिकीट काढून मागच्या रांगेत बसून ते ओरडणं ऐकलं. तेवढं सुख मला पुढं कधी मिळालं नाही, हे सांगून ठेवतो.

फिल्म बीदरला आली तेव्हा मी गावाकडून अप्पांना घेऊन आलो. अप्पांनी जत्रेतले तंबूतले एक-दोन सिनेमे सोडले तर काही पाहिलेलं नव्हतं. हिरो कोण, हिरॉइन कोण, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दिवे गेले, फिल्म सुरू झाली. पहिलं कुत्रं दारात येऊन थांबलं, त्यानं खांद्यावरून मागं पाहिलं. थिएटर हिरोच्या नावानं ओरडलं. अप्पांनी माझा दंड घट्ट धरला.

"आरं नागू," ते म्हणाले, "ह्यो तर आपला काळ्या."

काळ्या जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. लांडग्यानं धरला होता त्याला. अप्पांनी त्याला शेताच्या बांधाला पुरलं होतं.

मग काशी आली. अप्पा म्हणाले, "काशी." खंड्यानं हनुवटी वर केली तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू आला. त्या अख्ख्या थिएटरात कुत्री ओळखणारा तो एकटा माणूस होता. बाकीचे माणसं ओळखत होते.

फिल्मच्या शेवटी हिरो कुत्रा ऐटीत नाचायला जातो, केळीच्या सालीवरून घसरतो आणि बासुंदीच्या पातेल्यात डोक्यावर पडतो. बाकीची कुत्री पोट धरून हसतात. ती गोष्ट राघवय्या सरांची होती. थिएटर गडगडून हसलं. मी अप्पांकडं पाहिलं. ते हसत नव्हते.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. जनवाडा गाव मागं पडलं. मग म्हणाले, "काळ्या कधी पडला व्हता रं?"

"अप्पा, ते हसण्यासाठी हाय."

"व्हय, ते कळलं मला. पन काळ्यावर कामून?"

मी समजावून सांगायला लागलो, की तो काळ्या नाही, तो एक मोठा नट आहे, लोक त्या नटाला हसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मानसाला हसायचं व्हतं तर मानूस काढायचा," ते म्हणाले. "त्यानं काय केलं व्हतं?"

पुढं त्यांनी हा विषय काढला नाही. गावात लोकांना त्यांनी कौतुकानं सांगितलं, की पोरानं काढलेलं चित्र बीदरला लागलंय. पण मला माहीत होतं, त्यांच्या मनात काय आहे. मी हैदराबादला परत गेलो तो हे डोक्यात घेऊनच.

तिकडं वेगळंच सुरू झालं होतं. हिरोला मानणाऱ्या मंडळींनी ओरड केली, की आमच्या देवाला कुत्रं केलं. काही थिएटरांत पोस्टर फाडले. एके दुपारी जमाव आमच्या स्टुडिओवर आला. समोरच्या खोलीची काच फुटली, ती शांताक्काच्या टेबलावर पडली. रंगाच्या वाट्यांत काचा. बायका मागच्या दारानं निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात मालकांचं निवेदन आलं. ते मी वाचलं नाही, शांताक्कानं वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की स्टुडिओत नव्यानं आलेल्या, गावाकडच्या एका अननुभवी चित्रकारानं मालकांना न विचारता ही चित्रं काढली आणि याचं मालकांना अतोनात दुःख आहे. त्या वेळी मी तिथं कामाला लागून बरीच वर्षं झाली होती.

मी राघवय्या सरांच्या खोलीत गेलो. ते शांत होते. म्हणाले, "नागन्ना, पेपर आजचा, उद्या रद्दी. तू मनाला लावून घेऊ नको. मी हे कुणावर तरी घालायलाच पाहिजे होतं. स्टुडिओ बंद पडला तर तुम्ही सगळे कुठं जाल?"

"सर, केळीची साल तर तुमची होती."

"होती. म्हणून तर माझ्यावर घेता येत नाही." ते हसले. "उद्या माझ्याबरोबर हिरोसाहेबांच्या बंगल्यावर चल. पाया पड, चुकलो म्हण. विषय संपला."

मी गेलो. का गेलो, असं आमची भाची विचारते. हलणारी चित्रं काढणाऱ्या माणसाला बीदर-कलबुर्गीत कोण काम देणार होतं? मला दुसरं काही येत नव्हतं. मेंढरंही तोवर विकून झाली होती.

बंगल्याचा वरांडा मोठा होता. सकाळची वेळ. हिरो पांढरे कपडे घालून वेताच्या खुर्चीत बसले होते आणि भोवती सात-आठ मंडळी चहा घेत होती. आम्हाला पायऱ्यांखाली बरंच थांबवलं. मग वर बोलावलं. मी वाकून पायाला हात लावला आणि चुकलो म्हणालो.

हिरोंनी राघवय्या सरांकडं पाहिलं. "हा कोण? काय चुकला?"

त्यांनी ती फिल्म पाहिलेलीच नव्हती. ओरडा त्यांच्या लोकांनी केला होता, काच त्यांच्या लोकांनी फोडली होती, त्यांना फक्त कानावर आलं होतं. राघवय्या सरांनी भीत भीत सांगितलं. हिरो रागावले नाहीत. उलट त्यांना गंमत वाटली.

"कुत्रा? मी? कसा दिसतो मी?"

मी म्हणालो, "काळा आहे साहेब. चांगला आहे."

"आणि लोक ओळखतात? कशावरून?"

"चालीवरून."

"कशी चाल?"

मी सांगायचा प्रयत्न केला. दारात थांबणं, मान वळवणं. त्यांना कळेना. आपण कसे चालतो हे माणसाला कुठं ठाऊक असतं. मंडळी हसायला लागली होती. मला वाटलं, आता ते हात हलवून जा म्हणतील. तेवढ्यात राघवय्या सर पुढं झाले.

"नागन्ना," ते म्हणाले, "करून दाखव ना."

हिरोंनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मंडळींनी सांगितलं नव्हतं. आमच्या मालकांनी सांगितलं.

मी उभ्यानंच थांबून मान वळवून दाखवली. मंडळींतला एक जण म्हणाला, "कुत्रं काय दोन पायांवर चालतं?" सगळे हसले. राघवय्या सरांनी डोळ्यांनीच मला खूण केली. मी खाली बसलो, हात टेकले.

हे लिहिताना एक गोष्ट लपवत नाही. एकदा हात टेकल्यावर मी ते नीट केलं. थांबलो. उजव्या खांद्यावरून मान वळवली, घाई न करता. कळप पाहिला. मग पुढचा हात उचलला. खोटं करता आलं असतं, वेडंवाकडं करून सुटता आलं असतं. पण मला ते खोटं करता येईना. त्या वरांड्यात मी जेवढा चांगला काळ्या केला तेवढा कागदावरही जमला नव्हता. क्षणभर कुणी हसलं नाही. मग हिरो मोठ्यानं हसले आणि सगळे हसले. हिरोंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी तरी बशीतलं बिस्कीट माझ्या तोंडापुढं धरलं. हिरो म्हणाले, "अरे, असं नको," पण तेही हसतच म्हणाले. मी बिस्कीट हातात घेतलं आणि उठलो. पुढं त्याचं काय केलं आठवत नाही.

माफी मिळाली. हिरोंनी माझ्या पाठीवर थाप मारली. पण लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, म्हणून फिल्म काढून घ्यावी, असं त्यांच्या सेक्रेटरीनं सांगितलं आणि राघवय्या सरांनी तिथल्या तिथं कबूल केलं.

स्टुडिओत परत आलो तर काम तयार होतं. सेल महाग असायचे. एक फिल्म झाली की ते धुऊन पुढच्या फिल्मला वापरायचे, ही पद्धतच होती. नेहमी त्यातली चांगली चित्रं आम्ही घरी नेत असू. या वेळी सक्त हुकूम होता, एकही ठेवायचं नाही. मागच्या अंगणात टबात कोमट पाणी आणि साबण. पाठीमागचा रंग सोलल्यासारखा सुटून यायचा, पुढची शाई मात्र घासावी लागायची. मी आणि शांताक्का समोरासमोर बसून धूत होतो. काशी गेली, खंड्या गेला. काळ्याचे सेल सगळ्यांत जास्त होते. पाणी काळं-तपकिरी झालं. शांताक्का काही बोलली नाही, मीही बोललो नाही. कागदांचे गठ्ठे माळ्यानं पेटवून दिले.

त्यानंतरही मी त्या स्टुडिओत राहिलो, तो बंद पडेपर्यंत. पण मला मुख्य चित्रं कधी दिली नाहीत. माझ्यामुळं भानगड झाली, हे पेपरात छापून आलं होतं आणि पुढं सगळ्यांना, राघवय्या सरांनाही, ते खरंच वाटायला लागलं. मी मधली चित्रं भरत राहिलो. दुसऱ्यानं काढलेला पाय इथं, दुसऱ्यानं काढलेला पाय तिथं, मधला पाय माझा. मग संगणक आले. मधली चित्रं ते भरायला लागले, स्टुडिओ बंद पडला आणि मी नौबादला येऊन राहिलो.

अप्पा तोवर गेले होते. बंगल्यातलं त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गेल्या वर्षी भाची रेखा मोबाइल घेऊन आली. ती इथं कॉलेजात शिकवते. म्हणाली, "मामा, ही बघा जुनी कार्टून फिल्म. लई गाजायलीय. सगळे हिरो कुत्री करून टाकलेत." कुठल्या तरी बंद थिएटरच्या माळ्यावर एक रीळ राहिलं होतं. कुणी तरी ते साफ करून फिल्म मोबाइलवर टाकली होती. मी चष्मा लावून पाहिली. रंग उडाला होता, काळ्या करडा झाला होता. दारात थांबला, मान वळवली. रेखा हसायला लागली आणि मग माझ्याकडं बघून थांबली.

"मामा, तुम्ही काढलंय का हे?"

शेवटी पाटी आली. कथा, चित्रं, दिग्दर्शन, सगळ्यांपुढं राघवय्या सरांचं नाव.

"तुमचं नाव कामून न्हाई?"

"तेव्हा नसायचंच," मी म्हणालो. खरं होतं ते. कुणाचंच नसायचं.

तिनं आणखी शोधून काढलं. हिरो आता फार म्हातारे झालेत. त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की ही फिल्म त्यांना फार आवडायची, तो चित्रकार पोरगा स्वतः बंगल्यावर आला होता, त्यानं सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवली, आम्ही भावाभावांसारखे हसलो. काय दिवस होते ते. खाली हजारो लोकांनी लिहिलं होतं, की अशी मोठ्या मनाची माणसं आता राहिली नाहीत.

मी रेखाला सगळं सांगितलं. घरात पहिल्यांदाच सांगितलं. ती चिडली. कलबुर्गीत सिनेमा आवडणाऱ्या मंडळींनी त्या फिल्मचा कार्यक्रम ठेवला होता, राघवय्या सरांच्या मुलाचा सत्कार होता. ती म्हणाली, "चला." मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका, नुसतं बसा. मी बघते."

हॉल भरला होता. फिल्म दाखवली, लोक हसले. मग प्रसाद, राघवय्या सरांचा मुलगा, बोलायला उभा राहिला. सर जाऊन बरीच वर्षं झाली. प्रसाद चांगला माणूस दिसला. त्यानं मन लावून बापाचं कौतुक केलं आणि मग वरांड्यातली गोष्ट सांगितली. बापानं त्याला सांगितली तशी. त्यात मी स्वतःहून पुढं झालो होतो. स्वतःहून गुडघ्यावर बसलो होतो. "तो कलाकार आज असता तर," प्रसाद म्हणाला.

रेखा उभी राहिली. "आहेत. हे इथंच आहेत."

सगळ्यांनी वळून पाहिलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मला धरून स्टेजवर नेलं. प्रसादनं मिठी मारली, त्याचे डोळे भरून आले होते. त्यात खोटं काही नव्हतं. शाल आली, फेटा आला. मग सूत्रसंचालन करणारा माइक घेऊन म्हणाला, "सर, प्रेक्षकांची एकच इच्छा आहे. ती चाल. एकदाच." हॉल तालावर टाळ्या वाजवायला लागला.

माइक माझ्या तोंडापुढं आला. मी म्हणालो, "त्या दिवशी मी हसलो नव्हतो."

मग मागून कुणी तरी हसलं. माझ्या डोक्यावर फेटा होता, तोंड गंभीर होतं, लोकांना वाटलं हाच विनोद आहे. हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. प्रसादही हसला. मी पुन्हा म्हणालो, "खरं सांगायलोय." त्यावर तर टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "अजून तोच टायमिंग आहे बघा," आणि मला खुर्चीवर बसवून कार्यक्रम पुढं गेला.

कार्यक्रम संपल्यावर रेखा रडकुंडीला आली होती. ती प्रसादला गाठून काही सांगायला गेली. मी बाहेर पायऱ्यांवर येऊन फेटा काढला. तिथं कठड्याला धरून एक म्हातारी उभी होती, शेजारी तिची मुलगी. आधी ओळखलं नाही. तिनं हाक मारली, "नागन्ना."

शांताक्का कलबुर्गीतच मुलीकडं राहते. मुलीनं मोबाइलवर कार्यक्रमाचं पाहून तिला आणलं होतं. आम्ही पायरीवर बसलो. तिच्या हाताची कातडी पातळ झाली होती. तब्येतीचं विचारून झालं, कोण आहे कोण गेलं ते झालं.

मग ती म्हणाली, "त्या पोरानं चुकीचं सांगितलं. तू आपणहून केलं नव्हतंस."

"तुला कसं ठाऊक? तू तिथं नव्हतीस."

"तू परत आलास तवा तुझ्या पँटला दोन्ही गुडघ्यांवर धूळ व्हती. आनि तळहातांना. तसाच, न झटकता टबाशी बसलास. हौसेनं केलं असतंस तर हसत येऊन सांगितलं असतंस. मी बघितलं. कळलं मला."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की आमच्या स्टुडिओत ते फक्त मला आणि मेलेल्या मालकांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, "मग तेव्हाच इचारायचं व्हतंस, अक्का."

आतून लोक बोलत, हसत बाहेर पडत होते आणि आमच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या उतरून जात होते.

"इचारलं असतं," ती म्हणाली, "तर दुसऱ्या दिशी तू कामाला आला नसतास."